पाहुण्याला खरं सांगण्याचं काम

आमच्या घरात माझ्या नोकरीबद्दल दोन मतं आहेत. नवरा विचारणाऱ्यांना सांगतो, "ती कॉम्प्युटरच्या पोटातलं काहीतरी करते." तो शाळेत भूगोल शिकवतो, पोटातलं म्हटलं की त्याची गाडी ज्वालामुखीपाशी थांबते. सासूबाईंचं मत जास्त नेमकं आहे. त्यांनी एकदा मला खोदून खोदून विचारलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मंदाताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या जावेला सांगितलं, "सुजाता मशीनले फसवते. त्याचा पगार भेटते तिले."

ह्यातलं निम्मं खरं आहे. मशीनला फसवणारे लोक आमच्या धंद्यात असतात, पण ते दुसरे. मी त्या फसवणुकीला कंटाळलेल्यांपैकी. थोडं समजावून सांगते. ज्यांना नको असेल त्यांनी सरळ आर्णीच्या बंड्यांपर्यंत, म्हणजे कापसाच्या बैलगाड्यांपर्यंत उडी मारावी, मी रागावणार नाही. मंदाताईसुद्धा तेच करतात.

एक दांडगा कॉम्प्युटर घ्यायचा आणि त्याच्या आत चार कॉम्प्युटर चालवायचे. आतले चार खरे नसतात; त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. गंमत अशी, की त्यांना हे माहीत नसतं. घर एक, बिऱ्हाडं चार, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं आपण बंगल्यात राहतो. आमच्या बोलीत आतल्या मशीनला पाहुणा म्हणतात आणि बाहेरच्या खऱ्याला यजमान. पाहुण्याला वाटतं आपल्याला स्वतःची डिस्क आहे, स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. तसं काही नसतं. यजमान त्याच्यासमोर डिस्कचं सोंग वठवत असतो.

आता सोंग म्हटलं की खर्च आला. खऱ्या डिस्कशी बोलायची एक रीत असते: ही कळ दाबा, ती फिरवा, दिवा लागेपर्यंत थांबा. पाहुणा इमानदारीनं एकेक कळ दाबतो, आणि प्रत्येक कळीला यजमान हातातलं काम टाकून धावत येतो आणि कळ दाबली गेल्याचं नाटक करतो. नवा जावई घरी आला की असंच होतं. तो पाणी मागत नाही, नुसता माठाकडं पाहतो आणि अख्खं घर उठून उभं राहतं. एक पेला पाण्यासाठी सहा माणसं.

माझं काम म्हणजे त्या जावयाला बाजूला बसवून सांगायचं, "हे पाहा, तुम्ही पाहुणे आहात. ही डिस्क खोटी आहे, उगाच कळा दाबत बसू नका. काय पाहिजे ते सरळ बोला." पण सरळ बोलायला त्याला भाषा तर यायला हवी. ती भाषा शिकवणारा जो प्रोग्रॅम पाहुण्याच्या आत बसवायचा, त्याला म्हणतात पॅराव्हर्च्युअल ड्रायव्हर. ती भाषा ठरवायची आणि दोन्हीकडची बाजू लिहायची, हा माझा धंदा. यवतमाळात बसून. मोटार-रिवायंडिंगच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, जिथं भर उन्हाळ्यात वॉर्निशचा वास जिन्यानं वर चढून माझ्या खुर्चीत माझ्याआधी बसलेला असायचा.

कापसाचे वाईट दिवस चालू होते, ती वर्षं. यवतमाळ म्हटलं की बाहेरची माणसं आवाज खाली करायची. मी आधी पुण्याच्या कंपनीत होते, लग्नानंतर इकडं आले. पुण्याला फोन केला, की पलीकडची मुलगी आधी हळू आवाजात विचारणार, "तिकडे कसं आहे सगळं?" आणि मी म्हणणार, "ठीक आहे, ते डिस्कच्या भागाचं तपशीलपत्र पाठवतेस का?" गावावर आलेलं होतं ते खोटं नव्हतं, आमच्याही नात्यात होतं. पण दर फोनच्या सुरुवातीला सांत्वन घेऊन मग कामाचं बोलायचं, ह्यात माणूस दमतो.

पुण्याचे आमचे लेलेसाहेब भले गृहस्थ. त्यांनी यवतमाळला ऑफिस काढलं ते थोडं धंद्यासाठी आणि बरंचसं, मला वाटतं, मनाच्या समाधानासाठी. ऑफिस म्हणजे आम्ही तिघं. मी. दुसरा प्रफुल्ल, मारेगावकडचा, अमरावतीहून इंजिनिअर होऊन आलेला, बोलायचा कमी आणि प्रोसेसरची जाडजूड पुस्तकं स्पायरल बांधून उशाशी घेऊन झोपायचा. तिसरे मुनीरभाई. आधी त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आता आमचे डबे जोडायचे. डबा म्हणजे तो दांडगा कॉम्प्युटर, इन्व्हर्टरसकट एका लोखंडी पेटीत.

डबा कुणाला हवा होता? कापूस खरेदी केंद्रांना. कारण साधं होतं. तेव्हाचं भारनियमन आठवा. केंद्रावर काट्याचा एक कॉम्प्युटर, पावत्यांचा दुसरा, ग्रेडचा तिसरा, मुख्य कार्यालयाशी बोलणारा चौथा. चौघांचे प्रोग्रॅम चार वेगवेगळ्या काळातले, एकमेकांशी न पटणारे. लाइट गेली की चौघं झोपायचे आणि उठायचे चार वेळा. लेलेसाहेब म्हणाले, चौघांना एका डब्यात घाला, एका इन्व्हर्टरवर चालवा. कल्पना सुंदर. पहिला डबा आर्णीला गेला, तिथल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारातल्या केंद्रावर.

आणि तो इतका हळू चालला, की बैलांनीसुद्धा वळून पाहिलं. सोंगाचा खर्च! एका पावतीसाठी सगळा जावयाच्या सरबराईचा थाट. तेव्हा मी माझे ड्रायव्हर लिहायला घेतले.

इथं मला थोडी बढाई मारू द्या, पुढं ती उतरणारच आहे. मी असं ठरवलं: पाहुणा आणि यजमान ह्या दोघांना पोचता येईल अशी मेमरीत एक सामाईक जागा. पाहुण्यानं आपलं मागणं तिथं ठेवायचं आणि यजमानाला एक हाक मारायची. यजमानानं उचलायचं, काम करायचं, उत्तर ठेवायचं. पण हाकही फुकट नसते. प्रत्येक हाकेला पाहुण्याला क्षणभर गोठावं लागतं. म्हणून मी डोकं लढवलं. यजमान आधीच तिथं उभा राहून मागणी उचलतोय, तर हाक कशाला? त्यानं एक खूण लावून ठेवावी, "मी इथंच आहे, ओरडू नको." सगळं उचलून झालं की खूण काढावी आणि झोपावं. मग पुन्हा हाक.

ह्या खुणेनं डब्याचा वेग असा वाढला, की मुनीरभाई म्हणाले, "मॅडम, ये तो बुलेट हो गई." मी इतकी खूश झाले, की ती खूण घरी घेऊन गेले.

खरंच घेऊन गेले. त्याचं असं झालं होतं: दिरांचं आणि आमचं स्वयंपाकघर वेगळं झालं तेव्हा मधे विटांची भिंत आली. सासूबाईंनी गवंड्याला सांगून त्या भिंतीत आरपार देवळी ठेवून घेतली. एकीकडं जे शिजेल त्याची वाटी दुसरीकडं गेलीच पाहिजे, हा त्यांचा कायदा. वाटी ठेवली की लाटण्यानं भिंत ठोकायची. आता दोन्ही घरांत मिळून दिवसभर एवढी ठोकाठोक, की सासूबाईंची दुपारची झोप उडाली. "वाट्या पाठवा म्हनलं होतं, भित पाडा नाही म्हनलं!" असं त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांची इंजिनिअर सून पुढं झाली. देवळीच्या आतल्या कडेला, दोन्हीकडून दिसेल असा, एक खिळा ठोकला. ज्या बाजूची बाई ओट्यापाशीच उभी असेल तिनं आपलं फडकं तिथं लटकवायचं. दुसरीला फडकं दिसलं, की ठोकायचं नाही, गुपचूप वाटी ठेवायची. बाई ओट्यावरून हलली की फडकं काढायचं. मंदाताई म्हणाल्या, "शिकल्याचा हा एक उपयोग झाला." सासूबाई झोपल्या. मी धन्य झाले.

इकडं आर्णीला नवे ड्रायव्हर बसले, हंगाम चढला आणि डबा अडकायला लागला.

बंद नाही पडायचा, हे लक्षात घ्या. बंद पडलेलं मशीन मला आवडतं. ते काहीतरी चूक दाखवून मरतं. हा नुसता थांबायचा. बंडी काट्यावर चढली, वजन पडद्यावर आलं, बटण दाबलं आणि पावतीच्या जागी वाळूचं घड्याळ. मागच्या बंड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. आम्ही गेलो तेव्हा केंद्राचे ऑपरेटर गजूभाऊ आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? हासू नका बरं."

"सांगा."

"थे अटकलं ना, का मी पत्त्याचा खेळ उघडतो. पत्ते वाटल्याबरोबर पावती निंगते."

"वा गजूभाऊ," मुनीरभाई म्हणाले, "बहाना तं जबरदस्त शोधला! अन् जिंकले तर दोन पावत्या निघतात का?"

"तुमी हासून राह्यले. बंडीवाले म्हनतात, आमी उन्हात अन् हा पत्ते कुटून राह्यला. मारतीन एखाद्या दिवशी."

मला वाटलं, माणूस कंटाळला की असलं काही काढतोच. मी माझ्या नोंदी पाहिल्या, सगळं बरोबर होतं. मागणी ठेवली गेली होती. यजमान झोपला होता. पाहुणा वाट पाहत होता. दोघांनीही आपापलं काम नियमानं केलं होतं आणि दोघं एकमेकांसाठी अडून बसले होते.

केंद्राचे ग्रेडर वानखडेसाहेब कापसात हात घालून धागा ओढून पाहणारे, सरळ माणूस. त्यांनी मला फाटकापाशी नेलं. "बाई, हे पाहा. लोकं अंथरूण घेऊन येऊन राह्यले कापसासंगं. आज आला तं उद्या नंबर. मी तुमच्या भरवशावर जुने कॉम्प्युटर उचलून ठेवले. सोमवारी मोठा बाजार आहे. सोमवारी हे अटकलं, तं मी हातानं पावत्या फाडतो अन् तुमचा डबा पोत्यात बांधून यवतमाळच्या एसटीत टाकून देतो."

एसटीत डबा येण्याआधी लेलेसाहेबांचा फोन आला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीनं बोलले. "सुजाता, आर्णीचा डबा परत आला तर यवतमाळचं ऑफिस चालवायला मला कारण उरत नाही. तू काळजी करू नकोस, तुझी जागा पुण्यात आहेच."

"आणि प्रफुल्ल? मुनीरभाई?"

"बघू."

बघू म्हणजे काय ते मला कळत होतं. नवऱ्याची शाळा इथं, सासूबाई इथं. माझी पुण्यातली जागा चंद्रावरच्या जागेइतकीच कामाची होती. पण त्याहून जास्त मला ते दोघं दिसत होते. प्रफुल्लला मीच सांगितलं होतं, मुंबई-पुण्याला जाऊ नकोस, हे काम इथं बसून होतं. मुनीरभाईंनी दुकान विकलं होतं. आणि मग सगळे म्हणणार होते, चला, यवतमाळला प्रयत्न तरी केला बिचाऱ्यांनी.

शुक्रवारचा दिवस शोधण्यात गेला. आमच्या खोलीत ठेवलेला तसाच दुसरा डबा अडकायलाच तयार नव्हता. प्रफुल्लनं आर्णीच्या बाजाराची नक्कल करणारा एक प्रोग्रॅम लिहिला, खोट्या बंड्या खोट्या काट्यावर चढवल्या. डबा शहाण्या मुलासारखा सगळ्यांना पावत्या देत राहिला.

शनिवारी दुपारी मी जेवायला घरी गेले, तर मंदाताई दारातच.

"भरीत पसंत नाही पडलं वाटते."

"कोणतं भरीत?"

"कोणतं! काल वांगे भाजले, लसणाची पात टाकली, वरून तेल सोडलं. देवळीत ठेवलं. आज पाह्यलं तं वाटी तथीच. मुंग्या जेवून राह्यल्या."

माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "मला तर काल वांग्याचा वास आला होता. मी म्हटलं, भरीत केलं आणि इकडं विचारलंसुद्धा नाही. म्हणून मीही बोलले नाही."

"म्हंजे तूच रुसून बसली होती?"

"मग ठोकलं का नाही तुम्ही?"

"कायले ठोकू? तुह्यं फडकं लटकून होतं! तूच कायदा केला ना, फडकं दिसलं का ठोकायचं नाही. मी गुपचाप वाटी ठेवली अन् गेली."

"मी पाहिली होती देवळी! रिकामी होती. चांगलं पाहिलं होतं. आधी पाहिलं, मग कढई उतरवली, मग फडकं काढलं, मग…"

आणि मी तोंड उघडं ठेवून थांबले.

"आता काहून थांबली? बोल ना."

आधी पाहिलं. मग फडकं काढलं. मधे कढई. त्या कढईच्या वेळात ताई आल्या, त्यांना फडकं दिसलं, त्यांनी आवाज न करता वाटी ठेवली. मी न पाहता हात लांबवून फडकं ओढलं आणि गेले. त्यांना वाटलं मी तिथंच आहे. मला वाटलं काही असेल तर त्या ठोकतील. दोघी नियमानं वागलो आणि भरीत मुंग्यांनी खाल्लं.

डब्यातल्या यजमानाचं अगदी हेच होत होतं. तो सामाईक जागा पाहायचा, रिकामी दिसायची, मग खूण काढून झोपायचा. पाहण्याच्या आणि खूण काढण्याच्या मधल्या फटीत पाहुण्यानं मागणं ठेवलं, तर खूण दिसतेय म्हणून तो हाक मारायचा नाही. आणि गजूभाऊ पत्ते उघडायचे तेव्हा पत्त्यांचा खेळ डिस्कवरून आणण्यासाठी पाहुणा दुसरं मागणं ठेवायचा. आता खूण नसायची, म्हणून हाक जायची. यजमान डोळे चोळत यायचा, पाहतो तर दोन मागणी. दोन्ही उचलायचा. पत्ते वाटले जायचे आणि पावती निघायची. गजूभाऊ अक्षरशः खरं बोलत होते.

"ताई," मी म्हटलं, "तुमच्या भरतानं सापडलं!" आणि चप्पल घालून उलटी पळाले.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "गेली. भांडन अर्धं टाकून गेली. जेवलीबी नाही."

ऑफिसात जाऊन मी दोघांना भरताची गोष्ट सांगितली आणि आधी एक उलटं काम केलं. यजमानाच्या प्रोग्रॅममधे पाहणं आणि खूण काढणं ह्यांच्या मधोमध मुद्दाम थोडं थांबायला लावलं. त्या ओळीला नाव दिलं "कढई". आणि प्रफुल्लचा खोटा बाजार सुरू केला. पहिल्या काही बंड्यांतच डबा गपकन अडकला. ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसाला अडकलेला डबा पाहून नाचावंसं वाटतं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आम्ही तिघं नाचलो. खालचा रिवायंडिंगवाला वर येऊन पाहून गेला.

मग क्रम उलटा केला. आधी खूण काढायची, आणि मग झोपण्याआधी पुन्हा एकदा डोकावून पाहायचं. काही दिसलं तर झोपायचं नाही. बस, एवढंच. कढई ठेवली तरी डबा अडकेना. मुनीरभाईंनी आलुबोंडे आणले. आम्ही दुसरा आलुबोंडा हातात घेतला आणि डबा अडकला.

त्या क्षणी मला पुण्याच्या जागेचा रंगसुद्धा दिसायला लागला. मी म्हटलं, "मग ते भरीत नव्हतंच."

प्रफुल्ल पडद्याकडं पाहत होता. त्यानं हात पुसले आणि आपलं स्पायरल काढलं. "मॅडम, भरीत बरोबर आहे. आपन सांगतो त्या क्रमानं प्रोसेसर करनच असं नाही. पुस्तकात लिहून आहे. लिहायचं काम बाकी ठेवते अन् वाचायचं आधी उरकून घेते. घाई असते त्याले."

म्हणजे मी म्हणत होते, आधी फडकं काढ मग पाहा. आणि प्रोसेसर फडक्याकडं हात नेता नेताच पाहून मोकळा होत होता. अगदी माझ्यासारखा. त्याला दटावणारी एक आज्ञा असते: हे पूर्ण कर, मगच पुढचं. दोन ओळींच्या मधे कुंपण घालावं तशी. प्रफुल्लनं ती एक ओळ घातली. रविवारी दिवसभर खोटा बाजार चालला. मुनीरभाई नमाजाला गेले, घरी जेवून आले, परत आले, आणि बंड्या चढतच होत्या. मी घरी जाऊन मंदाताईंशी अर्धं राहिलेलं भांडण पूर्ण केलं; त्यांनी मोठ्या मनानं ते जिंकलं.

सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही तिघं आर्णीला. बाजार नुसता फुलला होता. बंड्या, मेटॅडोर, ट्रॅक्टर, आवारात पाय ठेवायला जागा नाही, जिकडंतिकडं उडणारं सरकीचं तूस. वानखडेसाहेबांनी आम्हाला पाहून शेजारी ठेवलेलं रिकामं पोतं दाखवलं.

प्रफुल्लनं डब्यात दुरुस्त केलेला प्रोग्रॅम बसवला आणि गजूभाऊ खुर्चीत बसले. पहिली बंडी चढली. वजन. बटण. पावती. दुसरी. तिसरी. प्रफुल्ल नखं खात होता. दुपार चढली तशी रांगेनं वेग घेतला, आणि भर गर्दीत लाइट गेली. इन्व्हर्टर किंचाळला, पंखा थांबला, डबा चालूच. गजूभाऊंचा हात सवयीनं पत्त्यांकडं जायला लागला.

"हात लावायचा नाही!" मी आणि प्रफुल्ल एकदम ओरडलो.

"नाही लावत जी! उगीच भेव दाखवू नका."

आणि तेवढ्यात पावती थांबली. काट्यावर बंडी, पडद्यावर वजन, बटण दाबलेलं, आणि पावती नाही. बाहेर कुणाचा तरी बैल हंबरला. वानखडेसाहेबांनी पोत्याकडं पाहिलं. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. मुनीरभाई वाकले, त्यांनी प्रिंटरचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "कागद संपला, मॅडम."

मी आयुष्यात कागद संपल्यावर इतकी कधी हसले नाही. वानखडेसाहेबही हसले. त्यांनी ते पोतं उचललं आणि एका हमालाला देऊन टाकलं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. यवतमाळचं ऑफिस राहिलं. आर्णीनंतर मारेगावला डबा गेला, मग झरीला, आणि मग कापसाशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी. एकदा पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडं दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं असंच काही अडकायला लागलं, तेव्हा लेलेसाहेबांनी मला बोलावलं. मी म्हटलं, मशीन इकडं पाठवा. त्यांनी मशीन पाठवलं आणि सोबत दोन इंजिनिअर, शिकायला. ऐन मे महिन्यात. त्यांचे चेहरे पाहून मुनीरभाईंनी दुपारच्या आत कूलर बसवला. प्रफुल्लनं त्यांना कढई शिकवली. आता तो स्वतः असे ड्रायव्हर लिहितो, माझ्यापेक्षा नीट, आणि यवतमाळातच. हळहळ एकाच गोष्टीची आहे. पावती लवकर निघायला लागली, पण पावतीवर जो भाव छापलेला असायचा त्याच्यापर्यंत माझा कोणताही ड्रायव्हर पोचत नव्हता. काटा झटपट झाला; कापसाचं दुखणं काट्यात नव्हतंच. त्या वर्षांत काम करताना हे रोज कळत होतं, आणि तरी पावती लवकर काढायचीच होती.

तर सोमवारची संध्याकाळ. सूर्य जिनिंगच्या पत्र्यांमागं गेलाही नव्हता, तेवढ्यात शेवटची बंडी काट्यावर चढली. बंडीत एक बाई आणि तिचा दीर. पावती हातात पडली तशी तिनं ती उलटसुलट केली.

"झालं?"

"झालं, बाई," गजूभाऊ म्हणाले.

"म्हंजे आता घरी जायचं?"

"मंग काय इथं राह्यता का?"

बाई दिराकडं वळली. "पाहा! म्हनलं होतं ना कमी थापू. दोन रोज लागते म्हने! गाठोडंभर भाकरी बांधल्या मी. सतरंजी आनली, पोराचं स्वेटर आनलं अंगावर घ्याले. आता ह्या भाकरी घरी नेऊन का बैलाले चारू?" मग तिची नजर आमच्यावर पडली. आम्ही सकाळपासून चहावर होतो आणि ते तोंडावर दिसत असावं. "तुमी लोकं जेवले का?"

"नाही," प्रफुल्लनं खरं ते सांगून टाकलं.

"मंग बसा."

तिनं रिकाम्या बंडीच्या सावलीला सतरंजी अंथरली. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, तुरीच्या दाण्यांची कोरडी भाजी. वानखडेसाहेब हात धुऊन आले. गजूभाऊ आले, त्यांनी डब्याचे इंजिनिअर म्हणून आमची ओळख करून दिली. ठेचा असा, की पहिल्या घासाला प्रफुल्लच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाई म्हणाली, "इंजिनिअर हाओ म्हनते अन् मिरचीले रडते."

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेलेसाहेब. माझा हात ठेच्याचा, तोंडात घास. मुनीरभाईंनी फोन उचलून कानाला लावला.

"हां साहेब, मुनीर. मॅडम इथंच आहेत, बोलू नाही शकत, जेवून राह्यल्या… नाही साहेब, डबा परत नाही येत… हो, चालू आहे. कागद संपला होता, भरला."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मुनीरभाईंनी फाटकाकडं पाहिलं. रस्ता मोकळा होता. मग त्यांनी सतरंजीवर भाकर मोडत बसलेल्या त्या बाईकडं आणि तिच्या दिराकडं पाहिलं.

"रांग?" ते म्हणाले. "रांग आमच्यासंगं जेवून राह्यली, साहेब."